पाठीवरच्या तीन पट्ट्यांबाबत अभिप्राय

युद्धशास्त्राच्या इतिहासाकडे गांभीर्याने पाहिले असता असे दिसून येते की, माणसाने ढाल शोधली ती शत्रूच्या भीतीने आणि चिलखत शोधले ते दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. मोकळ्या हातांचे पुढे काय करायचे याबाबत इतिहास काही बोलत नाही. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीनेही तो विषय कधी चर्चेला घेतलेला नाही.

कार्यकारिणीने मला विचारले आहे ते एवढेच: 'यंदाच्या गणेशोत्सवातील जिवंत देखाव्यात वापरलेली चिलखते पुढील वर्षी पुन्हा वापरावीत किंवा कसे, याबाबत वापरकर्त्याने फायदे-तोट्यांसह लेखी अभिप्राय द्यावा.' हा अभिप्राय वार्षिक अहवालात छापला जाईल, आणि अहवाल आमच्या तुळाजी वाडीतल्या एकशे बासष्ट बिऱ्हाडांना, शिवाय वाडी सोडून गेलेल्या सर्व जुन्या सभासदांना टपालाने जाईल. (गेल्या वर्षी याच पानांवर एका फरसाणवाल्याची जाहिरात होती. यंदा ती मिळाली नाही, म्हणून मी.)

अभिप्राय देण्यास मी सर्वार्थाने लायक आहे. एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात मी सदतीस वर्षे काढली. या काळात माझ्या टेबलावर आलेल्या एकाही कागदाला मी स्वतः उत्तर दिले नाही. प्रत्येक कागदावर शिक्का मारून तो योग्य त्या माणसाकडे पाठवला. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, 'रमाकांतरावांच्या टेबलावर कधी काही अडलं नाही.' ते खरे आहे. जे काही अडले ते पुढे जाऊन अडले.

यंदाच्या देखाव्याचा विषय होता झेलमच्या काठची लढाई. मी पोरस झालो होतो. सिकंदर झाला होता माझा धाकटा भाऊ अवधूत. तो माझ्याच मजल्यावर, माझ्या खोलीपासून दोन दारे सोडून राहतो, आणि आम्ही अकरा वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. या दोन गोष्टींत काहीही विसंगती नाही. गिरगावातल्या वाडीत माणसाने कोणाशी बोलायचे नाही असे ठरवले, तर तो माणूस रोज समोर दिसावा लागतो. लांब राहणाऱ्याशी न बोलण्यात कसले आले कौतुक?

अर्थात न बोलता व्यवहार थांबत नाहीत. त्यासाठी वाडीत एक पद्धत आहे. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, मध्ये तिसरा माणूस घ्यायचा आणि त्याला म्हणायचे, 'सांगा त्यांना.' आमचा तिसरा माणूस म्हणजे मंडळाचे चिटणीस हितेंद्रभाई. वाडीच्या तोंडाशी त्यांचे स्टेशनरीचे दुकान आहे. दोन मराठी माणसांमध्ये मराठीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम हा गुजराती गृहस्थ अकरा वर्षे विनामूल्य करतो आहे. (या पद्धतीने अवधूतचा एक फायदा झाला. पूर्वी तो 'अरे-तुरे' होता. भांडणानंतर त्याला बढती मिळून तो 'ते' झाला.)

भांडणाचे कारण अभिप्रायाच्या पूर्णतेसाठी नोंदवतो. अवधूतची मुलगी जुई, तिचे दादरला लग्न होते. मी वधूचा थोरला काका. सकाळपासून दारात उभे राहून अत्तर लावत होतो. पहिल्या पंगतीला बसायला गेलो तर एक पान कमी पडले. कोणीतरी मला खांद्याला धरून उठवले आणि म्हणाले, 'काका, तुम्ही घरचेच. तुम्ही मागून बसा.' मी हॉलबाहेर जाऊन उभा राहिलो. अवधूतने आतून हितेंद्रभाईंना पाठवले, 'सांगा त्यांना, पान वाढलंय.' मी उत्तर दिले, 'सांगा त्यांना, मी जेवून आलोय.' या दोन वाक्यांवर अकरा वर्षांचा संपूर्ण पत्रव्यवहार उभा आहे.

(मला उठवणारा माणूस केटररचा होता. अवधूत तेव्हा विहिणीच्या पाया पडत होता, त्याला काही ठाऊक नव्हते. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता कळले. परंतु तोवर मी रागावून झालो होतो.)

आता चिलखतांकडे वळतो. घोडपदेवचा रघुवीर पत्र्याचे काम करतो. दुकानांच्या पाट्या, पाण्याच्या टाक्यांची झाकणे, असे त्याचे एरवीचे काम असते. त्याने तेलाचे डबे कापून दोन चिलखते केली. माप घ्यायला तो आला तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. 'भाऊच ना?' तो म्हणाला. 'मग एकाच साच्यातले असणार.' त्याने अवधूतच्याच मापावर दोन्ही केली आणि दोन्ही चपखल बसली. छाती अडतीस, पोट त्रेचाळीस. (प्राचीन योद्ध्यांची मापे याच्या उलट असावीत.)

बाहेरून सोनेरी रंग होता. आतून मूळ छपाई तशीच होती. माझ्या छातीच्या आतल्या बाजूस 'पंधरा किलो. डबा उभा ठेवावा' असे लिहिले होते. ही सूचना मी अकरा दिवस पाळली, कारण चिलखत घालून बसताच येत नाही.

फायदे. पहिला फायदा संरक्षणाचा. देखाव्याच्या एकूण एकशे एक्केचाळीस प्रयोगांत आमच्या दिशेने एकही बाण आला नाही. सबब, संरक्षण शंभर टक्के. दुसरे, पोट झाकले जाते आणि ज्याला लोक एरवी सुटलेला म्हणतात तोच माणूस धिप्पाड दिसतो. तिसरे, डास चावत नाहीत, मात्र आत शिरलेला एक डास बाहेरही पडत नाही. चौथा फायदा सर्वात मोठा. शिरस्त्राण कानांवरून खाली येत असल्याने 'कसे आहात?' हा प्रश्न ऐकू येत नाही, आणि आला तरी न आल्यासारखे करता येते. ज्या माणसाला कोणी तरी काहीतरी बोलेल अशी भीती वाटते, त्याच्यासाठी यापरता पोशाख नाही.

तोटेही आहेत. ग्रीक पायदळातला सैनिक कवच, शिरस्त्राण आणि ढाल मिळून वीसेक किलो ओझे उन्हात वागवत असे. आमचे साडेनऊ किलोच होते, परंतु ग्रीकांना सप्टेंबरातले गिरगाव माहीत नव्हते. पाठीला खाज सुटल्यास पोरसाने हत्तीच्या सोंडेला पाठ घासावी असे ठरले होते, पण हत्ती कागदाच्या लगद्याचा होता आणि तिसऱ्या दिवशी सोंड आली हातात. शिरस्त्राणाच्या फटीतून प्रसादाचा बत्तासा आत जातो, मोदक जात नाही. माझी पत्नी सुनंदा पहिल्या दिवशी मला पाहून म्हणाली, 'अहो, तुम्हाला वेगळं चिलखत कशाला हवं होतं?' आणि ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. अवधूतची पत्नी मृणालिनी हिच्या शेजारी. (या दोघींनी आमच्या अबोल्याची अद्याप दखल घेतलेली नाही. त्यांच्यात वाट्यांची देवाणघेवाण अकरा वर्षे अखंड चालू आहे. गेलेली वाटी रिकामी परत येत नाही. हा मार्ग अनधिकृत असल्याने मी त्याचा निरोपासाठी कधी वापर केला नाही. त्यातून आलेले खतखते मात्र खाल्ले.)

परंतु मुख्य तोटा पट्ट्यांचा. चिलखताला पाठीमागे तीन चामडी पट्टे होते आणि प्रत्येकाला एक बकल. मी रघुवीरला म्हटले, 'पट्टे पुढे घे ना.' तो म्हणाला, 'काका, पुढे बकल दिसला तर राजा नाय वाटणार, कंडक्टर वाटाल.' त्यामुळे चिलखत ज्याचे त्याला घालता येत नाही आणि ज्याचे त्याला काढताही येत नाही. मागे दुसरा माणूस लागतो. रघुवीरने त्या बकलांना अशी काही मुरड दिली होती की, ती कशी लागतात नि कशी सुटतात हे वाडीत फक्त दोघांना जमे: ज्यांच्यावर ती रोज लागत होती त्यांना. म्हणजे रोज संध्याकाळी सहा वाजता पोरस सिकंदराच्या पाठीवरचे पट्टे आवळी, आणि मग सिकंदर पोरसाच्या. जगाच्या इतिहासात शत्रूने शत्रूचे चिलखत बांधून दिल्याची ही पहिलीच वेळ असावी. कार्यकारिणीने याची नोंद घ्यावी.

आम्ही या भूमिका घेतल्याच कशा, हाही प्रश्न येईल. हितेंद्रभाई माझ्याकडे येऊन म्हणाले, 'अवधूतभाई बोलतात की रमाकांतभाईंना झेपणार नाही.' अवधूतकडे जाऊन ते माझ्या नावाने तेच म्हणाले. दोन्ही निरोप खोटे होते. अकरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या पदरचे घातलेले ते पहिलेच दोन.

त्यांनी हे का केले ते मला दुसऱ्या दिवशी कळले. पट्टे लावताना ते मध्ये खुर्चीवर बसून होते.

'सांगा त्यांना,' मी म्हणालो, 'मधला पट्टा फार आवळलाय.'

'अवधूतभाई, मधला लूज करा.'

'सांगा त्यांना,' अवधूत माझ्या पाठीमागून म्हणाला, 'पोट आत घ्या.'

'रमाकांतभाई, पेट अंदर.' मग हितेंद्रभाई जरा थांबले आणि निरोप नसताना बोलले. 'अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अवधूतभाई चालले. बंगळूरला, जुईकडे. मृणालिनीभाभींना आता जिने होत नाहीत. खोली बंद करून चालले.'

शिरस्त्राण घातलेले होते, त्यामुळे ऐकू आले नाही असे धरता येत होते. अवधूतने वरचा पट्टा लावला. माझ्याजवळ नऊ संध्याकाळी उरल्या होत्या. अकरा वर्षांत जे वाक्य तयार झाले नव्हते ते नऊ दिवसांत बसवायचे होते. कचेरीत असतो तर मी मुदतवाढ मागितली असती.

देखाव्यात आम्हाला बोलायचे नव्हते, सगळे संवाद ध्वनिमुद्रित होते. दोन्ही आवाज वाडीतले निवृत्त शिक्षक मनमोहन सर यांचे. हरलेला पोरस साखळदंडात उभा, समोर सिकंदर. सिकंदर विचारतो, 'सांग, तुला कसं वागवू?' पोरस म्हणतो, 'राजा राजाला वागवतो तसं.' टाळ्या. अंधार. वीस मिनिटांनी पुन्हा. रोज चौदा वेळा माझा भाऊ माझ्यासमोर उभा राहून, दुसऱ्याच्या आवाजात का होईना, तुला कसे वागवू म्हणून विचारत होता, आणि मी दुसऱ्याच्या आवाजात मान मागत होतो.

सहाव्या दिवशी आठव्या प्रयोगाला पेनड्राइव्ह अडकला. 'तुला कसं वागवू?' एवढे वाजले आणि उत्तर येईना. पुन्हा तेच वाजले. 'तुला कसं वागवू? तुला कसं वागवू? तुला कसं वागवू?' अवधूत माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या शिरस्त्राणाच्या फटीतून मला त्याचे डोळे दिसत होते. ते सिकंदराचे वाटत नव्हते. तीनशे माणसे बघत होती. मुद्रित उत्तर येणार नव्हते. जिवंत माणसाने द्यायचे होते. माझ्या तोंडाशी एक उत्तर आलेही. ते संहितेत नव्हते, म्हणून मी ते दिले नाही. (ते या अभिप्रायाच्या शेवटी नोंदवले आहे.) अखेर प्रेक्षकच ओरडले, 'अरे, राजासारखं!' आणि पडदा पडला. प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद आहे.

त्याच दिवशी प्रयोगानंतर हितेंद्रभाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही निरोप नसताना. 'रमाकांतभाई, जुईच्या लग्नात अवधूतभाई पण जेवले नाही हं. शेवटच्या पंगतीपर्यंत तुमचं पान वाढलेलं ठेवलं होतं. वरण गार झालं तर बदलायला लावलं. दोन वेळा.' मी म्हणालो, 'असं होय.' त्या रात्री घरी मी पानावरून अर्धवट उठलो आणि सुनंदाने विचारले तेव्हा चिलखतामुळे भूक मेल्याचे सांगितले. चिलखताचा हाही एक उपयोग.

खऱ्या पोरसाबद्दल ग्रीकांनी एक तपशील लिहून ठेवला आहे. त्याचे चिलखत इतके भक्कम होते की शस्त्रे त्यावरून निसटत. फक्त उजवा खांदा उघडा होता, आणि जखम तिथेच झाली. माझाही उजवा खांदा उघडाच होता, कारण तो दोन वर्षे आखडलेला आहे आणि त्या बाजूचा पत्रा चढवता येईना. या खांद्याची पूर्वपीठिका अशी की, मी दहा वर्षांचा आणि अवधूत चारचा असताना चौपाटीवर विसर्जन बघायला तो याच खांद्यावर बसत असे. नुसते बसणे नव्हे. प्रत्येक गणपती आला की टाचा मारी. डॉक्टरांच्या मते आखडण्याशी त्याचा काही संबंध नाही. मला तो संबंध असलेला आवडेल.

शेवटचा प्रयोग अनंत चतुर्दशीला दुपारी एक वाजता झाला. मग मिरवणुकीची तयारी सुरू झाली, ढोलवाले आले, आणि हितेंद्रभाई पोलिसांकडे वेळ विचारायला गेले. मंडपामागच्या खोलीत आम्ही दोघेच राहिलो. मध्ये हितेंद्रभाईंची खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पाण्याची बाटली.

मी अवधूतचे तिन्ही पट्टे सोडवले. मग त्याने माझे घेतले. खालचा सुटला, वरचा सुटला. मधला अडकला. त्याने दोनदा ओढून पाहिले. आणि मग माझ्या पाठीमागून, अकरा वर्षांनी, मध्ये कोणी नसताना तो म्हणाला,

'दादा, हात वर कर.'

मी सविस्तर सांगतो, कारण अभिप्रायाचा सगळा भार या ठिकाणी आहे. मला रडू आले. आतून पत्रा गरम झाला. म्हणायचे होते ते सगळे एकदम जिभेवर आले. आणि मी रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणालो,

'सांगा त्यांना, खांदा वर जात नाही.'

बाहेर एक ढोलवाला ताण बघत होता, धप्प, धप्प. अवधूतने खुर्चीकडे पाहिले. बाटलीकडे पाहिले. मग तोही खुर्चीलाच म्हणाला, 'बरं. सांगा त्यांना, कात्री आणतो.'

त्याने पट्टा कापला. चिलखत उतरवून भिंतीशी नीट उभे ठेवले, कारण आत तसे लिहिले होते. माझ्या उघड्या खांद्यावर त्याने हात ठेवला, कात्री खाली ठेवताना तोल सावरायला असेल, नाहीतर तसाच, आणि तो मिरवणुकीला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला टॅक्सी आली. मी गॅलरीत उभा होतो. मृणालिनी सुनंदाला मिठी मारून टॅक्सीत बसली. अवधूतने वर पाहिले. मी हात वर केला नाही, खांद्यामुळे. (डावा खांदा शाबूत आहे. हे मला टॅक्सी ठाकुरद्वारच्या दिशेने वळल्यावर सुचले.) दुपारी सुनंदाने त्यांची वाटी धुऊन ठेवली. ती आता आमच्याकडेच राहिली आहे. भरून कुठे द्यायची, असे ती विचारते. हा प्रश्न मी अद्याप कोणाकडेही पुढे पाठवू शकलेलो नाही.

सबब, कार्यकारिणीस अभिप्राय असा की, चिलखते पुढील वर्षी वापरण्यास हरकत नाही, परंतु पट्टे पुढे घ्यावेत. कंडक्टर दिसलो तरी चालेल.

राहिले ते उत्तर. ते नोंदवण्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला हे हितेंद्रभाईंनी पहिल्या पानावरच ओळखले. इथपर्यंत वाचून ते म्हणाले, 'मी नाही सांगणार आता. बस झालं. खुर्चीला सांगा.' म्हणून आता आपल्यालाच विनंती करतो. बंगळूरला एक प्रत जाणारच आहे, पण अवधूत मंडळाचे अहवाल वाचत नाही, तो जमाखर्चाचे पान बघून रद्दीत टाकतो. आपल्यापैकी कोणाची त्याची गाठ पडली, कोणी फोन केला, तर सांगा त्यांना: मी जेवून आलो नव्हतो. अजून जेवलेलो नाही. आणि कसे वागवू म्हणून विचारलेत त्याचे उत्तर, घरच्यासारखे. मागच्या पंगतीला बसवा. मी घरचाच आहे.

हे वाचून आपण म्हणाल, हा म्हातारा स्वतःच फोन का लावत नाही? नंबर तर पाठ असेल. पाठ आहे. जसा आपल्यालाही एक नंबर पाठ आहे, जो आपण काही वर्षे लावलेला नाही, आणि हे वाचताना ज्याचे शेवटचे दोन आकडे आत्ताच आठवून गेले. मी तयार आहे. पहिली पंगत आपली. आधी आपण लावा, मी मागून लावतो.